विहीणबाईंसाठी तुर्कीतलं ऑस्ट्रेलियन पुस्तक

अमळनेरचे आप्पा
राम राम मंडळी. लेक मेलबर्नला. जावई तिथलाच, पण घराणं तुर्की. 1967 साली ऑस्ट्रेलियाने तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले, त्या लाटेत विहीणबाई गेल्या. जन्म कारखान्यात काढला, इंग्रजी दुकानापुरतं. वाचन मात्र दांडगं, सगळं तुर्कीतून. दिवाळीनंतर आम्ही दोघं चाललोय. कुरडया-पापड विमानतळावरचे लोक कितपत आत सोडतील देव जाणे, म्हणून पुस्तक न्यावं म्हणतो. ज्या देशात राहिल्या तिथल्याच लेखकाचं, पण तुर्कीत. लेक म्हणते अत्तर घ्या. अत्तर काय कोणीही देतं. सुचवा काही.

चोपड्याची वाचक
आप्पा, मार्कस झुसाकचं 'द बुक थीफ' घ्या. लेखक सिडनीचा, तुर्कीत 'किताप हिर्सिझी' नावाने मिळतं. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सचं 'शांताराम'ही तुर्कीत आहे. आपल्याकडे अपर्णा वेलणकरांनी केलंय, तुम्ही मराठीत वाचा, त्या तुर्कीत. बोलायला विषय होईल.

अमळनेरचे आप्पा
ताई, एक जर्मनीत घडतं, दुसरं मुंबईत! ऑस्ट्रेलियाच्याच थॉमस केनिलींचं 'शिंडलर्स लिस्ट'वालं पुस्तक सुचवाल तर ते पोलंडमध्ये. ऑस्ट्रेलिया कुठाय यात?

ग्रंथपाल, जळगाव
बरोबर पकडलंत. परदेशी प्रकाशक आधी उचलतो ते कुठेही खपणारं. त्यात शोधायची पंचाईत अशी की युनेस्कोची अनुवादसूची मूळ भाषा विचारते, लेखकाचा देश नाही. 'इंग्रजीतून तुर्कीत' म्हटलं की ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन सगळे एका ढिगात. आमच्याकडे बहिणाबाईंची गाणी लेवागण बोलीतली, पण कार्डावर नुसतं 'मराठी', तसंच. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 'ऑस्टलिट' या ऑस्ट्रेलियन साहित्याच्या ऑनलाइन सूचीवर शोधा, तिथे लेखकाच्या नावाखाली अनुवाद नोंदवलेले असतात.

भुसावळ जंक्शन
कोएत्झी द्या की! नोबेल विजेता, तुर्कीत ढीगभर पुस्तकं.

ग्रंथपाल, जळगाव
कोएत्झी मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. नोबेल 2003चं, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व 2006चं. तिकडचे लोक भांडायला येतील. ऑस्ट्रेलियाचं साहित्यातलं हक्काचं नोबेल पॅट्रिक व्हाइटचं, 1973. पण ते जड जातं, भेट म्हणून नको.

भुसावळ जंक्शन
मग गॅलिपोलीच्या लढाईवरचं काहीतरी? दोन्ही देशांचा समाईक इतिहास आहे.

अमळनेरचे आप्पा
भाऊ, 25 एप्रिल 1915ला ऑस्ट्रेलियन फौज तुर्कांच्या किनाऱ्यावर उतरली. ऑस्ट्रेलियात त्या दिवशी सुट्टी असते म्हणे. विहिणीकडे पहिल्याच भेटीत लढाई कशाला न्यायची!

चोपड्याची वाचक
मग लिआन मोरिआर्टी. सिडनीची बाई, 'द हजबंड्स सीक्रेट' सिडनी-मेलबर्नमध्येच घडतं. शाळा, शेजारणी, सासू-सुना, सगळं घरातलं. तुर्कीत 'कोजामिन सिर्री'. उत्सुकता ताणणारं आहे, एका बैठकीत संपेल.

अमळनेरचे आप्पा
अर्थ विचारला लेकीला. नवऱ्याचं गुपित! आमची मंडळी म्हणते, व्याह्यांसमोर देऊ नका. तरी हेच ठरवलं. इस्तंबूलच्या एखाद्या ऑनलाइन दुकानातून थेट मेलबर्नला मागवायला लेकीला सांगतो. आधी जावयाला चोरून विचारायचंय, आईने वाचलं तर नाही ना.