वेलांटी आधी, उच्चार नंतर

मराठी बोलतो तशीच लिहितो, त्यामुळे मराठी माध्यमात घातलं की डिस्लेक्सियाचा (बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अडखळण्याचा) त्रास उरत नाही, हे एकाने मांडलेलं मत मला अर्धंच पटलं. स्पेलिंगचा जाच वाचतो, कबूल. पण माझा भाचा मराठी माध्यमातलाच, आणि तिसरीपर्यंत त्याचं गाडं पहिल्या वेलांटीवरच अडलेलं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, उच्चार मात्र ‘क’च्या नंतर! ‘ख’ तो ‘रव’ वाचायचा, आणि ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ यांत तीन ठिकाणी तीन रूपांत लपलेला ‘र’ शोधत बसायचा. बाईंचा वहीतला शेरा ठरलेला: निष्काळजीपणा. (तोंडी विचारा, पठ्ठ्या धडाच्या धडा सांगायचा.)

पुढे शिकवणीच्या ताईंनी त्याला आधी अक्षर लिहून मग लाल पेन्सिलीने वेलांटी जोडायला लावली, तेव्हा कुठे वाचन हलायला लागलं. आणि डिस्लेक्सियाची चाचणी करायची तर मूल ज्या भाषेत शिकतं तीत करा, नुसत्या इंग्रजीत नको. हरियाणातल्या मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. आम्हाला हे फार उशिरा कळलं.