मदत हवी आहे: फॅशन डिझाइनच्या मुलींना आधी ड्राफ्टिंग (कागदावर मापाने बेतणं) शिकवावं की ड्रेपिंग (डमीवर कापड टाचून बेतणं)?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीकडे फॅशन डिझाइनच्या एक वर्षाच्या कोर्सला शिकवते. वर्गात 22 मुली आणि डमी, म्हणजे कपडे बेतायचे धडाचे पुतळे, दोनच.

आमच्याकडे पहिले चार महिने खाकी कागदावर ड्राफ्टिंग. छातीचा चौथा भाग, मुंढा, टक्स, माया, सगळं वहीतल्या सूत्राप्रमाणे. त्याने हात बसतो, हे खरंच. गेल्या वर्षीची एक मुलगी कटोरी ब्लाऊज असा बेतायची की ट्रायलला एक टाका उसवावा लागत नसे. तिलाच काउल गळ्याचा (पुढे सैल घड्या पडणाऱ्या गळ्याचा) फोटो दिला, तर वही चाळत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, याचं माप कुठल्या पानावर आहे?" मला फार वाईट वाटलं. चूक तिची नाहीच. कापड अंगावर कसं पडतं, हे आम्ही तिला दाखवलंच नव्हतं.

मग मांजरपाट उरेप (तिरकं) धरून डमीच्या दोन्ही खांद्यांवर टाचलं आणि तिला टाचण्या हळूहळू गळ्याकडे सरकवायला सांगितल्या. टाचण्या जवळ येतील तशी एकेक घडी खाली उतरू लागली. तिसऱ्या घडीला तिने आपणहून हात थांबवला.

म्हणून यंदा ड्रेपिंगपासून सुरुवात केली. मुलींना नवीन खूप सुचतं, पण डमीवरून उतरवून कागदावर घेतलं की पुढच्या-मागच्या भागाची बाजूची शिवण अर्धा-पाऊण इंच जुळत नाही, आणि त्यांना ते खटकतही नाही! परीक्षेत तर ड्राफ्टिंगच येतं.

निफ्ट, एसएनडीटी किंवा परदेशात कुठे शिकलेलं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे दोन्ही बरोबरीने चालायचं का? माझ्या मनात आहे की एकच ब्लाऊज दोन्ही पद्धतींनी करून घ्यावा आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून फरक मुलींनाच शोधू द्यावा. कोणी करून पाहिलंय?

दुसरं, पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने लहान लाकडी बाहुलीवर उरेप कापडाचे बेत ठरवायच्या. निम्म्या मापाच्या डमीला कापड चौथाईच लागतं, म्हणजे प्रत्येकीला स्वतःची डमी देता येईल. अशी डमी कागद आणि चिकटपट्टीने घरी कोणी केली आहे का? टाचणी नीट रुतते का तिच्यात?

संस्था थ्रीडी सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतेय. मला आधी डमी हव्यात. नवी तुकडी येण्याआधी मागणी द्यायची आहे, म्हणून लवकर कळवा.