संचार, संचारबंदी, कंडी, पडसाद : या शब्दांत बोलणारा असतो कुठे?

टिटवाळा फास्ट :
बरेच दिवस डोक्यात आहे, आज डोंबिवलीला सीट मिळाली म्हणून टाइप करतोय, टायपो सांभाळून घ्या.

मार्च २०२० ची गोष्ट. २२ तारखेला शहरांत जमावबंदी जाहीर झाली, ती कोणी फारशी मनावर घेतली नाही, मग २३ ला राज्यभर संचारबंदी. आमच्या ऑफिसात एकजण आहे प्रतापगढचा, बारा-तेरा वर्षं मुंबईत, मराठी पेपर अडखळत का होईना वाचतो. त्याने हेडिंग वाचलं आणि लगेच मला फोन, "भाई, नेट भी बंद?" मला आधी कळेचना हा काय म्हणतोय. मग ट्यूब पेटली. हिंदीत संचार म्हणजे कम्युनिकेशन, त्यामुळे त्याच्या हिशोबाने संचारबंदी म्हणजे फोन, नेट, सगळं ठप्प. आणि मला विचारायच्या आधीच पठ्ठ्याने गावी कळवून टाकलेलं की उद्यापासून फोन लागला नाही तर घाबरू नका. झालं, तिकडे रडारड, पुढचे दोन दिवस याचा फोन सतत एंगेज.

तर प्रश्न असा की आपल्याकडे संचार म्हणजे हिंडणं-फिरणं, आरेत बिबट्याचा संचार वगैरे. देवी अंगात येते तोही संचार. दूरसंचार मात्र हिंदीच्या अर्थाने. मग कम्युनिकेशनला आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता? संवाद म्हणावं तर त्यात समोरच्यानेही बोलायला पाहिजे, नुसतं ऐकवण्याला संवाद कसं म्हणणार (पुढारी म्हणतात ते सोडा). संज्ञापन हा शब्द विद्यापीठाच्या पाटीवर वाचलाय, तोंडात कोणाच्या ऐकला नाही. आणि दुसरं, अफवा, कंडी, आवई, वावडी, भुमका हे सगळं एकच की काही फरक आहे?

वरणभात :
आधी ते जमावबंदी-संचारबंदी संपवते कारण पेपरवालेही गोंधळ घालतात. जमावबंदीत पाच किंवा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही, संचारबंदीत एकट्यानेही बाहेर पडायचं नाही. दोन्ही जुन्या कलम १४४ खाली, आता नव्या संहितेत ते १६३ झालंय.

आता अफवा. हा शब्द अरबीतला, फारसीमार्गे आला, मूळ अर्थ चक्क तोंडं. एक तोंड नाही, तोंडं, अनेकवचन. म्हणजे एकट्यादुकट्याला अफवा जमत नाही, ती थाप होते. वावडी म्हणजे पतंग, म्हणून ती उठते किंवा उठवतात, आणि पतंग म्हटला की खाली मांजा धरून कोणीतरी उभं असणार. कंडी पिकते, नाहीतर पिकवतात. आवई माझ्या कानाला संकटाची वाटते, शत्रू आला, धरण फुटलं, अशी. कोणाचं कोणाशी जमलंय याच्या कंड्या पिकतात, आवई उठत नाही. भुमका मी फक्त सासरी साताऱ्याकडे ऐकलाय. मुंबईत आपण पुडी सोडतो, आणि पुडीचं बरं असतं, सोडणारा कोण ते अख्ख्या गल्लीला माहीत असतं.

कम्युनिकेशनला एक शब्द नाही मिळणार. कळवणं, सांगणं, बोलणं, पोचवणं अशी क्रियापदं भरपूर आहेत, नाम करायला गेलं की सरकारी पाटी होते.

चाळ क्र. ३ :
आवईचं एकदम पटलं. जानेवारी ९३ च्या दंगलीत आम्ही परळला, मी नववीत. हल्ला करायला समुद्रातून बोटी येतायत हे तेव्हा सगळीकडे होतं. आमच्या चाळीपासून समुद्र कुठे आणि आम्ही कुठे, पण तेवढं कोणी विचारलं नाही, पुरुषांनी गच्चीवर पाळ्या लावल्या. मला त्या दिवसातला आठवतो तो एकच शब्द, 'आलेत'. कोण, ते म्हणायची गरजच नव्हती. एका पहाटे जिन्यात कोणाच्या हातून कळशी निसटली, तीन मजले गडगडत खाली, आणि कोणीतरी ओरडलं आलेत. स्टंप, हॉकी स्टिक, एका काकांच्या हातात तर पाटा-वरवंट्यातला वरवंटा, सगळे खाली. खाली दूधवाला. बिचारा सायकल टाकून पळाला, सकाळी रस्ताभर दूध. नंतर वर्षानुवर्षं तो किस्सा हसत हसत सांगायचो आम्ही. डिसेंबर-जानेवारी मिळून शहरात नऊशेच्या आसपास माणसं गेली, तो वेळेवर पळाला नसता तर त्यातला एक आमच्या जिन्याखालचा असता, हे हल्ली आठवतं आणि किस्सा अर्ध्यात थांबतो.

खडू :
मी लालबागला मंडळाचा फळा लिहितो. निधन, अभिनंदन, पाणी बंद, उद्याचं रक्तदान, सगळं. फळ्याची गंमत सांगतो. एकदा एकाच आडनावाची दोन माणसं, मी निधनाच्या सूचनेत चाळ नंबर चुकवला. सकाळी साडेसहाला ज्यांना मी कैलासवासी केलं ते गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन फळ्यासमोर उभे. वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले पूस आधी आणि मग चहा सांग. पण मी तिथेच नाक्यावर बसलेला होतो, फळ्याखाली मंडळाचं नाव होतं, म्हणून पाच मिनिटांत मिटलं. दवंडीचंही तेच, पिटणारा समोर उभा.

मोबाइलवर बघा, आपण म्हणतो 'मेसेज आलाय'. पाऊस आलाय, लाइट गेलीय, तसा मेसेज आलाय. मी पाठवलाय असं कोणीच म्हणत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून जगणारी, मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारली. मुलं पळवण्याचे मेसेज आधीपासून फिरत होतेच. कोणी फिरवले? फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवायची मर्यादा घातली.

टिटवाळा फास्ट :
खडूभाऊ, हे 'आलाय' वाचून उडालो कारण आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात अक्षरशः हेच झालं, स्क्रीनवरचं जसंच्या तसं उतरवतोय.
रात्री ९:४० "पाण्याला वास येतोय"
९:५२ "आमच्याकडेही. औषधासारखा"
१०:०५ "पाण्यात काहीतरी पडलंय वाटतं"
१०:११ "पडलं नाही, टाकलंय"
१०:२० "टाकलं असेल तर टाकीपर्यंत कोण जाऊ शकतं? मागची भिंत कोणाच्या बाजूला आहे विचार करा"
मागच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे. साडेदहाला पंधरा-वीस जण गेटवर, मीपण, खोटं कशाला बोलू. येतोय, पडलंय, टाकलंय, त्यांनी. चाळीस मिनिटं लागली फक्त. वॉचमन जेवून आला आणि म्हणाला दुपारी टाकी धुतली, पावडर जरा जास्त पडली. सेक्रेटरींना माहीत होतं, ते लग्नाला गेलेले, फोन सायलेंट. सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडलेले टाकले आणि झोपले. १०:२० वाला मेसेज सकाळी डिलीट झालेला होता. भिंतीपलीकडच्यांना अजून पत्ता नाही की त्या रात्री आपलं काय ठरत होतं.

वरणभात :
बाप रे. आता मला एक उलटं दिसतंय. अफवेत नसलेला कर्ता येऊन बसतो, तुमच्या टाकीसारखा. आणि बातमीत असलेला कर्ता गायब होतो. पडसाद शब्द घ्या. संस्कृत प्रतिशब्द, प्राकृतात पडिसद्द, त्यावरून पडसाद, म्हणजे प्रतिध्वनी. "घटनेचे मुंबईत पडसाद उमटले." दरीत हाक मारली की आवाज आपोआप परत येतो तसं. पण बसची काच प्रतिध्वनीने फुटत नाही हो, दगड कोणीतरी उचललेला असतो. तसंच दंगल उसळली, वातावरण तापलं, दोन समाजांत तेढ निर्माण झाली. तेढ म्हणजे वाकडेपणा, पीळ, दोरीला पडतो तसा. पिळणारा हात वाक्यात कुठेच नाही. आणि मग शेवटची ओळ ठरलेली, परिसरात तणावपूर्ण शांतता. ज्याने हा शब्द काढला त्याला एकदा भेटायचंय मला.

मुलुंड चेकनाका :
थोडं थांबा. प्रत्येक ठिकाणी कर्ता शोधायला गेलं तर आपलीही १०:२० होईल. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल, पाऊस, लोक आडोशाला थांबलेले, २३ जण चेंगरून गेले. त्यातून वाचलेल्या एका मुलीने सांगितलेलं छापून आलं होतं की कोणाचीतरी फुलं पडली, 'फूल गिर गया' असं कोणी म्हणालं आणि पुढे ते 'पूल गिर गया' असं ऐकलं गेलं. इथे कोणी पुडी सोडली? गर्दी होती, अरुंद जिना होता, एका अक्षराचा फरक.

आणि अफवेवर विश्वास ठेवणारा येडाच असतो असंही नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या वेळी गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आताचं कस्तुरबा. आत नेऊन माणसं मारतात असं बोललं जात होतं. आत गेलेला बहुतेक परत येत नव्हता हे तर त्यांना दिसतच होतं, नेईपर्यंत उशीर झालेला असायचा, आणि घरच्यांना नीट काही सांगणारं कोणी नाही. तुमचे सेक्रेटरी लग्नाला गेलेले ना, तसंच.

चाळ क्र. ३ :
हे आवडलं. पण १०:११ वाल्याला मी नाही सोडणार. 'पडलंय' चं 'टाकलंय' कानाने होत नाही.

खडू :
+१. आणि यासाठी शब्द आहे की आपल्याकडे, काडी टाकणे. काडीवाला नेहमी आग विझवायला पण पुढे असतो.

टिटवाळा फास्ट :
मूळ प्रश्न राहिलाच, कम्युनिकेशनला 'कळवणं'च धरतो मी आता. अपडेट : आज परत टाकी धुतली. सकाळीच लिफ्टशेजारी कागद लावलाय, सेक्रेटरींच्या सहीने. "टाकी धुतली आहे. पाण्याला वास येईल." खाली कोणीतरी बॉलपेनने लिहिलंय, कितीपर्यंत? आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, तुमच्या नाकावर आहे.