मदत हवी आहे : जंगलातील सफेद मुसळी खणण्याबाबत ग्रामसभेने कोणता नियम करावा?

नमस्कार. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, गाविलगडाच्या डोंगररांगेत आमचे कोरकू वस्तीचे गाव आहे. गावाचा सामूहिक वनहक्काचा (जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या गावाच्या एकत्रित हक्काचा) दावा मंजूर झालेला असून, जंगलाच्या व्यवस्थापनासाठी ग्रामसभेने नेमलेल्या समितीची मी सचिव आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण कोणत्या डोंगरात मुसळी शिल्लक आहे हे बाहेर कळले की तेथे काय होते, ते आम्ही एकदा पाहिले आहे.

सफेद मुसळी ही औषधी कंद असलेली रानवनस्पती. मृगाचा पाऊस पडला की मुसळीची पाने जमिनीतून वर येतात, पुढे पांढरी फुले लागतात आणि पाऊस ओसरल्यावर पाने पिवळी पडून झडतात. कंद त्यानंतरही मातीत जिवंत असतो, पण तो नेमका कुठे आहे हे सांगणारी खूण जमिनीवर उरत नाही. आमची सगळी अडचण येथूनच सुरू होते. शेतात मुसळी लावणारे लोक पाने झडल्यावरही कंद काही महिने जमिनीत राहू देतात आणि साल तपकिरी झाल्यावर काढतात. जंगलात तसे थांबले तर रोपच सापडत नाही. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात, बी पिकून पडण्याच्या आधीच खणणे सुरू होते आणि हाती बारीक, कोवळ्या मुळ्या येतात. घाटाखालच्या बाजारात भाव मिळतो तो सोलून वाळवलेल्या मुसळीला, आणि वाळल्यावर ओल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्साच उरतो, म्हणजे एका किलोसाठी किती रोपे जातात याचा अंदाज आपल्याला येईल.

हे दिवसही कठीण असतात. पावसात रोजगार हमीची कामे थांबलेली असतात, सोयाबीन शेतात उभे असते आणि घरातले धान्य संपत आलेले असते. मुसळी खणायला जातात त्या बहुतेक बायका, आणि त्या पैशांतून तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या येतात. म्हणून ‘बंदी घाला’ एवढाच सल्ला आम्हाला पुरणार नाही.

माझी आजी कंद पूर्ण उपटत नसे. जाड मुळ्या तोडून घेऊन वरचा डोळ्याचा, म्हणजे कोंब फुटणारा भाग, त्याला दोन-तीन मुळ्या ठेवून, ती त्याच खड्ड्यात दाबत असे. शेतात लागवडीसाठी असाच डोळा असलेला तुकडा वापरतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. आता सब्बल घालून घाईने खणताना ही पद्धत मागे पडली आहे. आपण ठेवले तर दुसरा येऊन नेईल, ही भीती त्याच्या मुळाशी आहे.

हीच भीती चारोळीच्या बाबतीत होती आणि तेथे आम्हाला मार्ग सापडला. फळ पिकण्याआधीच लोक फांद्या ओरबाडत असत. ग्रामसभेने तोडणीची एक तारीख ठरवली, त्याआधी कोणी तोडायचे नाही असे सर्वांनी मान्य केले, आणि आता पाळीने राखण होते. मात्र चारोळीचे झाड दुरून दिसते आणि तोडणीनंतरही जागेवर उभे असते. मुसळी खणून नेली की खड्डा पहिल्या सरीत बुजतो. नियम मोडला हे सिद्ध करायलाही काही उरत नाही.

सध्या समितीसमोर दोन सूचना आहेत. एक, जंगल तीन वर्षे मुसळीसाठी पूर्ण बंद ठेवावे. दुसरी, जंगलाचे पाच भाग करून दरवर्षी एकच भाग खुला करावा आणि त्या भागात श्रावणातच रोपांशेजारी बांबूच्या खुंट्या ठोकून, बी पडल्यानंतर खुंट्यांच्या आधाराने खणावे. माझा कल दुसऱ्या सूचनेकडे आहे, कारण तिच्यात कंद पोसतो, बी मातीत जाते आणि बायकांची कमाई एकदम थांबत नाही. पैसे दोन महिने उशिरा हाती येतील, हा तिच्यातील दोष मला मान्य आहे.

जाणकारांकडून मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखून रोपे मोजण्याचा आमचा विचार आहे. एका डोंगरउतारासाठी असे किती चौकोन पुरेसे ठरतात? खुल्या भागातही किती रोपे अजिबात न खणता बियाण्यासाठी राखावीत? डोळा परत लावलेले रोप जंगलातल्या खडकाळ, निगा नसलेल्या मातीत पुन्हा खणण्याजोगे व्हायला किती पावसाळे लागतात, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का? बी उगवण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे केवळ बियांवर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. शिवाय आमच्याकडे मुसळीची दुसरी एक जातही उगवते, जिचे कंद बारीक मुळांच्या टोकाला लोंबतात. खणल्याशिवाय या दोघी ओळखण्याची खात्रीची खूण हवी आहे, नाहीतर मोजणीच चुकेल.

कायद्याची बाजू आम्हाला ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती आणि कंद गौण वनोपजात (लाकूड सोडून इतर वनउत्पन्नात) धरले आहेत, कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे आणि नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीने वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या समितीने द्यायचा आहे. म्हणजे आमच्या परवान्याशिवाय मुसळी घाट उतरू नये, एवढे आम्ही करू शकतो. पण परवाना किती किलोचा द्यावा, हे मोजणीशिवाय कसे ठरवणार?

भर : एका सदस्यांनी विचारले आहे की मुसळीची शेती का करत नाही. ज्यांच्याकडे निचऱ्याची जमीन आहे त्यांनी ती अवश्य करावी. परंतु खणायला जाणाऱ्या बहुतेक घरांना जमीन नाही, आणि लागवडीचे बेणे महाग असल्याने ते जंगलातूनच आणले जाण्याची भीती आहे.

ग्रामसभा आषाढात आहे. तोपर्यंत पाने वर आलेली असतील आणि चौकोन लगेच आखता येतील, म्हणून मोजणीचा तयार तक्ता कोणाकडे असल्यास तो त्याआधी मिळावा, ही विनंती.