माँटगोमेरी पुण्यात कमी पडला, कारण तो मास्तर होता?

कॅम्पातला

काल 'दुर्गप्रेमी' यांनी लिहिलं की दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शिकवण्याच्या नेमणुका म्हणजे निव्वळ अडगळ. माँटगोमेरी (दुसऱ्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश सेनापती) 1926 ते 1929 इंग्लंडात केंबर्लीच्या स्टाफ कॉलेजात, म्हणजे अधिकाऱ्यांच्या लष्करी महाविद्यालयात, शिकवत बसला, म्हणून पुढे पुण्यात त्याची पलटण कवायतीत उघडी पडली. हे वाचून गप्प बसवेना.

आधी क्रम बघा. जानेवारी 1931 मध्ये त्याला पहिली रॉयल वॉरविकशायर ही पलटण मिळाली. सुरुवातीला जेरुसलेम, त्याच वर्षाअखेर अलेक्झांड्रिया, 1933 सरता सरता पुणे. जून 1934 मध्ये तो क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात मुख्य प्रशिक्षक. म्हणजे पुण्याच्या वाट्याला साधारण सहा महिने, तेही मधल्या रजेसकट. साडेतीन वर्षांच्या कमांडचा निकाल तेवढ्यावर लावायचा?

सदर्न कमांडचा, म्हणजे पुणे ज्याच्या हाताखाली त्या विभागाचा, प्रमुख जॉर्ज जेफ्रीज हा ग्रेनेडियर गार्ड्स या राजेशाही पहारा-पलटणीचा. त्याला संचलन चोख हवं होतं. इथल्या पलटणींचं वर्ष मात्र हवामानावर चालायचं. उन्हाळ्या-पावसाळ्यात एकेका जवानाची तयारी, थंडीत एकत्र सराव: प्लॅटून, कंपनी, पलटण, शेवटी ब्रिगेड. थंडीचे दिवस परेड ग्राउंडवर गेले की वरच्या पायऱ्या राहून जातात, आणि त्या पुढच्या थंडीपर्यंत हाती लागत नाहीत. माँटगोमेरी चिडला तो यावरून.

दुर्गप्रेमी

रजेचा आणि महिन्यांचा हिशोब मान्य. मुद्दा तरीही उरतो. स्टाफ कॉलेजात शिकवायचे कसे? जवानांविना सराव. विद्यार्थ्यांना टेकडीवर न्यायचं, हातात एक इंच-एक मैल नकाशा, परिस्थिती सांगायची, ठरलेल्या वेळात प्रत्येकाने आपला हुकूम लिहायचा. मग प्रशिक्षक उलटतपासणी घेणार: राखीव कंपनी कुठे ठेवलीस? दारूगोळा कोणत्या वाटेने? यात निरोप्या वाट चुकत नाही, रात्रीच्या चालीनंतर कोणी पेंगत नाही, व्हिकर्स मशीनगनच्या जॅकेटातलं (नळी थंड ठेवणारं) पाणी उकळून संपत नाही. सगळं कागदावर बिनचूक.

या सवयीचा पुरावाही आहे. 1929 मध्ये इन्फंट्री ट्रेनिंगचं मॅन्युअल नव्याने लिहायला त्याला समितीचा सचिव केलं. समितीशी पटेना, तेव्हा त्याने काम एकट्याने पुरं करायची परवानगी मिळवली आणि समितीच्या सगळ्या दुरुस्त्या गाळल्या. लष्करी लेखक लिडेल हार्टने विचारलं, शत्रूची फळी फुटल्यावर पुढे मुसंडी मारण्याचा भाग कुठे आहे? तोच अपुरा होता. हल्ला रेखीव, हल्ल्यानंतरचं धूसर. दहा-पंधरा वर्षांनी त्याच्यावर नेमका हाच आक्षेप आला.

बेळगावकर_पाचवी

दोघेही एकाच माणसाला धरून बसला आहात. पुढे ब्रह्मदेशात सेनापती झालेला स्लिम बघा. 1934 पासून केंबर्लीत प्रशिक्षक, मग इंपीरियल डिफेन्स कॉलेज, आणि 1938 मध्ये, सेहेचाळिशी उलटल्यावर, शिलाँगला सातव्या गुरखा रेजिमेंटची दुसरी पलटण (दुसरी/सातवी गुरखा). नंतर 1939 मध्ये आमच्या बेळगावात सीनियर ऑफिसर्स स्कूलचा प्रमुख, म्हणजे जे मेजर पलटणी हाती घेणार त्यांनाच शिकवणारा. शिकवणं, पलटण, पुन्हा शिकवणं. ब्रह्मदेशात मुसंडी मारायला तो कुठे कमी पडला?

दुसरं, इंग्लंडातल्या पलटणींवर तरी त्या काळात काय शिकायला मिळत होतं? कार्डवेल पद्धतीत एक पलटण परदेशी, तिची जोडीदार मायदेशी. तयार झालेला जवान परदेशी रवाना, मागे रंगरूट. सरावात प्लॅटूनऐवजी निशाण, मशीनगनऐवजी लाकडी खुळखुळा. तशा पलटणीच्या सीओपेक्षा (प्रमुखापेक्षा) प्रशिक्षकाच्या डोक्याला जास्त व्यायाम होता.

करवीर

स्लिमला 24 वर्षांच्या नोकरीनंतर पलटण मिळाली, माँटगोमेरीला 22. आपल्या माणसांना काय मिळालं तेही बोला. 1923 च्या योजनेत हिंदी (भारतीय) अधिकाऱ्यांसाठी आठ युनिट राखून ठेवली, त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी पलटणही होती. हेतू उघड होता, गोऱ्याला हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायला लागू नये. 1932 मध्ये डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू झाल्यावर त्या युनिटांतली जमादार-सुभेदारांची प्लॅटूनं हिंदी लेफ्टनंटांना दिली. तेवढ्याच नोकरीचा गोरा शेजारच्या पलटणीत कंपनी हाताळतोय आणि आपला प्लॅटून. हाताखाली कंपनीच आली नाही तर पलटण चालवायचा सराव होणार कधी?

करिअप्पा 1933 मध्ये क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात गेलेले पहिले हिंदी अधिकारी. पलटण मिळाली 1942 मध्ये, आणि पलटण मिळालेले पहिले हिंदी तेच.

कॅम्पातला

हा वेगळा धागा होईल. इथे प्रश्न शिकवण्याचा आहे.

करवीर

वेगळा कसा? जानेवारी 1945, ब्रह्मदेशातल्या अराकानमध्ये कांगॉची लढाई. एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणी तीन हिंदी अधिकाऱ्यांकडे: थिमय्या, सेन आणि आमच्या कोल्हापूरकडचे थोरात. त्यांना शांततेत पलटण चालवायची संधी मिळालीच नव्हती. युद्धाने दिली तेव्हा त्यांनी ती पेलली. तुम्ही दोघं माँटगोमेरीची सहा महिन्यांची रजा मोजताय!

दुर्गप्रेमी

सहा महिन्यांची रजा कोणी म्हटलं नाही, नीट वाचा. आणि कांगॉचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: पलटण चालवायला फळा लागत नाही.

बेळगावकर_पाचवी

थोरात आणि थिमय्या दोघेही क्वेट्ट्याचा कोर्स करून आले होते. फळा होताच. रोखून धरली होती ती कंपनी आणि पलटण, आणि त्याबाबत करवीर यांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

कॅम्पातला

बरं, मॅन्युअलच्या बाबतीत दुर्गप्रेमींचा मुद्दा मी खोडू शकत नाही. इजिप्तमधला त्याचा वरिष्ठ बर्नेट-स्टुअर्ट यानेही गोपनीय अहवालात त्याच्या शिकवण्याची तारीफ केली आणि त्याबरोबरच समजूतदारपणा, सहनशीलता नि संयम वाढवायला सांगितलं. पण त्यात दोष स्वभावाला दिलाय, शिकवण्याला नाही. पुण्यात जेफ्रीजशी जुळलं नाही ते त्याच स्वभावामुळे. 'अडगळ' हा शब्द मागे घ्या.

दुर्गप्रेमी

स्लिमपुरता घेतो. माँटगोमेरीपुरता नाही.