पेटीवर देवगड, आत धारवाड: हापूसची लॅब टेस्ट सक्तीची करावी का?

कातळवाला:
दर सीझनला तेच रडगाणं. पेटीवर देवगड लिहिलेलं, आत कर्नाटकातला आंबा, आणि गिऱ्हाईक वास घेऊन मान डोलावतंय. २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं पण पेटी उघडून तपासतो कोण? माझं म्हणणं, आयसोटोप टेस्ट लावा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजा. झाड मातीतून स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य घेतं, त्यातल्या ८७ आणि ८६ वजनाच्या अणूंचं प्रमाण फळात जवळपास तसंच उतरतं. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा, धारवाडकडचा अडीचशे कोटींच्या वरचा, आणि खडक जितका जुना तितकं त्यातल्या किरणोत्सारी रुबिडियमपासून स्ट्रॉन्शियम-८७ जास्त तयार झालेलं. स्टिकर कोणीही छापेल, हे कसं छापणार?

जांभा_९१:
भाऊ, तुमची कलमं जांभ्यात आहेत, काळ्या दगडात नाही. जांभा म्हणजे पावसानं धुऊन निघालेला दगड, त्यात मूळचं स्ट्रॉन्शियम उरतं किती? मग झाड घेतं ते खाऱ्या वाऱ्यातलं आणि तुम्ही टाकता त्या सुपर फॉस्फेटमधलं. समुद्राचं ८७/८६ प्रमाण ०.७०९ च्या आसपास, म्हणजे बेसाल्टपेक्षा जास्तच, त्यामुळे ऐन किनाऱ्यावरचा अस्सल आंबा उलट संशयित ठरायचा. शिवाय बेळगावच्या बाजूलाही हाच काळा दगड आहे, आणि सिंधुदुर्गात दक्षिणेला जुने खडक. खडक काय जीआयचा नकाशा बघून बदलत नाही.

कातळवाला:
म्हणून एकट्या स्ट्रॉन्शियमवर कोण थांबतंय? ऑक्सिजन, हायड्रोजनचे आयसोटोप पण बघायचे, किनाऱ्यावरच्या आणि घाटापलीकडच्या पाण्यात फरक असतो. दरवर्षी बागांतून नमुने घेऊन डेटाबँक करावी लागेल हे मान्य. युरोपात वाइनसाठी करतातच की.

गाळा_नंबर_सांगत_नाही:
वाइन बाटलीत वर्षानुवर्षं राहते ओ, आंब्याचं काय? रिपोर्ट येईस्तोवर पेटीचा आमरस होईल. आणि टेस्टचे पैसे शेवटी बागायतदाराच्याच पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापले जाणार, लिहून घ्या. देवगडच्या संस्थेनं २०२५ पासून फळाफळावर यूआयडीचं, म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या नंबरचं, स्टिकर सुरू केलंय, ते स्वस्त पण आणि गिऱ्हाइकाला मोबाइलवर कळतं पण.

पोळंवाली:
मधाचं आठवा जरा. उसाची किंवा मक्याची साखर घातली की कार्बन आयसोटोपवर सापडायची, मग भेसळवाले तांदळाच्या सिरपवर गेले, ते त्या टेस्टला दिसेचना. २०२० मध्ये सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेनं एनएमआर नावाची वेगळी टेस्ट करून घेतली तर १३ पैकी १० ब्रँड नापास. तुम्ही टेस्ट आणाल, ते पळवाट आणतील.

कातळवाला:
ताई, मधात सिरप ओतता येतं, धारवाडच्या झाडाला देवगडचा पाऊस कुठून पाजणार? आणि प्रत्येक पेटी तपासा असं मी म्हणतच नाहीये, अधूनमधून न सांगता पेट्या उचला, रिपोर्ट जूनमध्ये आला तरी चालेल, ज्याचा माल खोटा निघेल त्याचं लायसन पुढच्या सीझनला बंद.

गाळा_नंबर_सांगत_नाही:
वा, म्हणजे फाशी आम्हा दलालांनाच. घाटावरून ट्रक मागवून कोकणातल्या पेट्यांत आंबा भरतं कोण, ते पण लिहा ना एकदा. खोटं करणारे सगळे काय दलालच असतात का?