कोठडीतील मृत्यूची बातमी : प्रश्न इतके मऊ का?

प्रश्न (सांगली): पत्रकार पोलीस अधिकाऱ्याला फक्त 'तपास कुठवर आला?' विचारतात, मृताचे नातेवाईक मात्र बातमीत 'आरोप करतात'. नेमकं काय विचारायला हवं?

उत्तर १: वेळा विचारा. स्टेशन डायरीत (पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) अटकेची नोंद किती वाजताची? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवलं का? (१९९३ पासूनची सूचना आहे, सवलत नव्हे.) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १९६ खाली दंडाधिकारी चौकशी सुरू झाली? शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं? 'तपास' शब्द आला की उत्तर 'सुरू आहे' हेच येणार.

उत्तर २: क्रियापदंही बघा. अधिकारी 'माहिती देतात', संघटना 'दावा करते'. दोघांनाही 'म्हणाले' पुरतं.

उत्तर ३: कार्यकर्त्यांनाही गोंजारू नका हो. मारहाणीचे वळ कुणी पाहिले? पाठीवर की तळपायावर? साताऱ्यातही पत्रकार परिषदेत चहा-पोहे आले की हे राहूनच जातं.